रोमदर्शन : वर्ध्याच्या वाटेने

इटलीची राजधानी रोम हे नगर आपणां कॅथलिक श्रद्धावंतांस परके नाही. प्रेषित संत पेत्र व संत पौल यांनी जेथे ख्रिस्तासाठी रक्त सांडले ती ही भूमी होय, आणि जगभरच्या ख्रिस्तसभेचे मध्यवर्ती स्थान असलेले व्हॅटिकन नगरराज्य याच शहराच्या कुशीत वसलेले आहे. विदर्भातील धर्मग्रामांतूनही आता श्रद्धावंत रोमच्या यात्रेस जाऊ लागले आहेत. त्यांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

रोममधील प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणत्याही प्रवासपुस्तकात मिळते. परंतु वर्धा जिल्ह्याचे या शहराशी जे नाते आहे ते त्या याद्यांत सापडत नाही. १९३१ साली महात्मा गांधी रोममध्ये दोन दिवस राहिले व तेथील एका क्रूसापुढे उभे राहून सद्गदित झाले. १९३७ साली एक इटालियन कॅथलिक तरुण वर्ध्यास आला, येथून अहिंसेचा धडा घेऊन परत गेला आणि १९६३ साली त्याच धड्याच्या बळावर रोममध्ये ४० दिवस उपाशी राहिला. वर्ध्याच्या यात्रेकरूने रोम पाहावे ते या दोन प्रवाशांच्या पाऊलखुणा ध्यानात ठेवून, असे आमचे मत आहे. म्हणून त्या हकिकती प्रथम सांगतो व मग दर्शनाच्या क्रमाकडे वळतो.

१२ व १३ डिसेंबर १९३१

लंडनची दुसरी गोलमेज परिषद निष्फळ ठरल्यावर गांधीजी ५ डिसेंबर १९३१ रोजी तेथून निघाले. पॅरिसमार्गे ते स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह या गावी फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्याकडे काही दिवस राहिले व पुढे मिलानमार्गे शनिवार, १२ डिसेंबर रोजी रोमला पोहोचले. त्यांच्यासमवेत मीराबेन, महादेवभाई देसाई, प्यारेलाल व देवदास गांधी होते. स्वित्झर्लंडहून प्रिव्हा पतिपत्नीही सोबत निघाली होती. त्या वेळी गांधीजी वर्ध्याचे रहिवासी झालेले नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले ते १९३४ नंतर, आणि सेगावला राहावयास गेले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. याच सेगावचे पुढे सेवाग्राम झाले.

इटलीत त्या काळी मुसोलिनीची हुकूमशाही होती. सरकारी पाहुणचाराचा अर्थ काय लावला जाईल याची रोलाँ यांना चिंता होती. म्हणून गांधीजींचा मुक्काम जनरल मोरिस या खासगी गृहस्थांच्या घरी, मोंते मारिओ या टेकडीवर ठरविण्यात आला. ही टेकडी व्हॅटिकनच्या उत्तरेस असून तिच्यावरून संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट व सारे शहर दिसते. सायंकाळी पालात्सो व्हेनेत्सिया या प्रासादात मुसोलिनीची थोडा वेळ भेट झाली. बोटीवरून रोलाँ यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी या माणसाला कोडे म्हटले आणि त्याच्या कारभाराच्या मुळाशी बळजबरी असल्याचेही नोंदविले. याच मुक्कामात टॉलस्टॉय यांच्या कन्या तात्याना यांची व त्यांची भेट झाली. रोममधील एका वृत्तपत्राने तर गांधीजींची न झालेली मुलाखत छापली व त्यांना तिचे जाहीर खंडन करावे लागले.

पोप पायस अकरावे यांची भेट मात्र झाली नाही. गांधीजींनी ती इच्छिली होती. ती का घडली नाही याविषयी त्या काळी नाना तर्क निघाले. शनिवार-रविवारची अडचण सांगण्यात आली आणि गांधीजींच्या अपुऱ्या वस्त्रांचीही चर्चा झाली. परिस्थिती नाजूक होती हे खरे. व्हॅटिकन व इटली यांच्यातील लॅटरन करार ११ फेब्रुवारी १९२९ चा, म्हणजे व्हॅटिकन नगरराज्य अजून तीन वर्षांचेही झाले नव्हते; त्याच १९३१ च्या उन्हाळ्यात कॅथलिक संघटनांवरील बंदीवरून पोप व मुसोलिनी यांच्यात उघड संघर्ष झाला होता; आणि ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या नेत्याची भेट घेण्याचे राजकीय अर्थही निघाले असते. ही सर्व कारणे मान्य करूनही, ती भेट व्हावयास हवी होती असे आम्हांस वाटते. पुढे १ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीस राजघाटावर गुडघे टेकून प्रार्थनेस बसले, तेव्हा चोपन्न वर्षांपूर्वीच्या त्या बंद दाराची आठवण अनेकांना झाली असेल.

परंतु व्हॅटिकनचे दुसरे एक दार गांधीजींसाठी उघडले. त्यांना व्हॅटिकनचे वस्तुसंग्रहालय व सिस्टाइन चॅपेल दाखविण्यात आले. तेथे क्रुसावर खिळलेल्या प्रभू येशूच्या मूर्तीपुढे ते उभे राहिले ते तेथून हलेनात. त्यांचे डोळे भरून आले. भारतात परतल्यावर ‘यंग इंडिया’त त्यांनी या प्रसंगाविषयी लिहिले. त्या दृश्यापासून स्वतःला दूर करणे जड गेले, असे सांगून त्यांनी पुढे जो विचार मांडला त्याचा आशय असा : माणसाप्रमाणेच राष्ट्रेही क्रुसाच्या यातनांतूनच घडतात; दुसऱ्यास दुःख देऊन नव्हे, तर स्वेच्छेने स्वतः दुःख सोसून आनंद लाभतो. हे लिहिणाऱ्यास ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत अटक झाली व येरवड्याच्या तुरुंगात नेण्यात आले. रोमच्या क्रुसापासून येरवड्याच्या कोठडीपर्यंत मध्ये पुरते चार आठवडेही गेले नव्हते.

सिस्टाइन चॅपेल : पाहणे व थांबणे

हे प्रार्थनामंदिर पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७३ ते १४८१ च्या सुमारास बांधविले. लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी सुमारे १३ मीटर. म्हणजे आकाराने ते फार प्रचंड नाही. छतावरील चित्रे मायकेलअँजेलो यांनी १५०८ ते १५१२ या काळात रंगविली. उत्पत्तीच्या पुस्तकातील प्रसंग, जगाच्या निर्मितीपासून नोहापर्यंत, तेथे मधल्या पट्ट्यात आहेत. वेदीमागील भिंतीवरचे ‘अंतिम न्याय’ हे चित्र त्यांनीच पुढे १५३६ ते १५४१ मध्ये काढले. बाजूच्या भिंतींवर एकीकडे मोशेचे व दुसरीकडे ख्रिस्ताचे जीवन आहे. बोत्तिचेल्ली, पेरुजिनो आदी जुन्या चित्रकारांची ती कामे आहेत. बहुतेक यात्रेकरू मान वर करून छतच पाहतात व या भिंती न पाहताच बाहेर पडतात, म्हणून त्यांचा मुद्दाम उल्लेख केला.

गांधीजींनी हे चॅपेल पाहिले तेव्हा छत मेणबत्त्यांच्या काजळीने व जुन्या लेपांनी काळवंडलेले होते. आज दिसणारे उजळ निळे, हिरवे व केशरी रंग १९८० ते १९९४ या काळातील स्वच्छतेनंतरचे आहेत. याच ठिकाणी कार्डिनलांची कॉन्क्लेव्ह भरते व नव्या पोपमहोदयांची निवड होते. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभूघरी गेल्यावर ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे येथेच निवडले गेले.

चॅपेलमध्ये छायाचित्र घेण्यास मनाई आहे आणि शांतता पाळावी लागते. रक्षक अधूनमधून सूचना देत असतात. गर्दी मात्र एवढी असते की मागून येणारा लोंढा आपणास पुढे ढकलीत राहतो. आमची सूचना अशी की येथे भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबावे, बसावे व वेदीकडे पाहावे. संग्रहालयातील चार दालने त्यासाठी सोडावी लागली तरी चालतील. राफाएलची दालने व १५०६ साली सापडलेला लाओकूनचा शिल्पसमूह एवढे वाटेत पाहिले तरी पुरे आहे. सर्व दालने एका दिवसात पाहून होत नाहीत.

सेवाग्रामची भिंत

आता थोडे घरी परत येऊ. वर्ध्याहून सुमारे ८ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रम आहे. माती, बांबू व कौले अशा जवळपासच्या साहित्यातून उभ्या केलेल्या कुट्या तेथे आहेत. ‘बापू कुटी’ मुळात मीराबेन यांची होती. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीत उठवून काढलेली झाडे आजही लक्ष वेधून घेतात.

जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर येथे आठवडाभर राहिले. ‘अ वीक विथ गांधी’ या त्यांच्या पुस्तकात एक नोंद आहे. गांधीजींच्या कुटीत भिंतीवर टांगलेले चित्र एकच होते : प्रभू येशूचे, काळ्यापांढऱ्या छपाईचे. त्याखाली इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील, ख्रिस्तालाच आपली शांती म्हणणारे वचन होते. आपण तर ख्रिस्ती नाही, असे फिशर यांनी विचारताच, आपण ख्रिस्तीही आहोत व हिंदू, मुसलमान, यहुदीही आहोत, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले.

हे चित्र रोमहून आले होते असा आमचा दावा नाही. तसा अर्थ कोणी काढू नये. तथापि ज्या मनाने सिस्टाइन चॅपेलमधील क्रुसासमोर अश्रू ढाळले, त्याच मनाने वर्ध्याच्या उन्हात, मातीच्या भिंतीवर, दुसरे काहीही न लावता हे एक चित्र लावले, एवढे तरी म्हणता येते. रोमला निघण्यापूर्वी एक सकाळ काढून सेवाग्रामला जाऊन यावे. आपल्यापैकी अनेकांनी तो आश्रम शाळेच्या सहलीत पाहिला असेल. ख्रिस्ती दृष्टीने तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. वर्ध्यातील मगनवाडीलाही जावे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तेथून चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे निष्ठावंत ख्रिस्ती होते (कॅथलिक नव्हेत) व प्रभू येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. पवनारचे विनोबाजी तर ‘ख्रिस्तधर्म-सार’ या संकलनामुळे आपणांस परिचित आहेतच.

शांतिदास : वर्ध्याहून रोमकडे

लांत्सा देल व्हास्तो यांचा जन्म १९०१ साली दक्षिण इटलीत, ब्रिंडिसी बंदराजवळच्या सान व्हितो देई नोर्मान्नी या गावी झाला. घराणे उमरावांचे, शिक्षण तत्त्वज्ञानाचे, धर्म कॅथलिक. युरोपात दुसऱ्या युद्धाचे ढग जमत असताना युद्धाला उत्तर काय, हा प्रश्न घेऊन ते भारतात आले व १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींकडे पोहोचले. काही महिने ते येथे राहिले, सूत कातावयास शिकले. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले. येथून ते पायी हिमालयात गंगेच्या उगमाकडे गेले आणि युरोपात परत जाऊन अहिंसेचा आश्रम स्थापण्याचा निश्चय त्यांनी त्या यात्रेत केला.

या प्रवासाचे त्यांचे फ्रेंच पुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले व पुष्कळ वाचले गेले. १९४८ साली त्यांनी फ्रान्समध्ये ‘आर्श’ म्हणजे ‘तारू’ या नावाचा समुदाय स्थापन केला. नोहाच्या तारवावरून घेतलेले हे नाव आहे. हाताने कातणे-विणणे, शेती, साधेपणा, प्रार्थना व अहिंसेचे व्रत अशी तेथील दिनचर्या. सेवाग्रामशी असलेले तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. विशेष असे की शांतिदास अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले. वर्ध्यास येऊन त्यांनी धर्म बदलला नाही, आणि गांधीजींनीही तसे कोणास सुचविले नसते. १९५४ च्या सुमारास ते पुन्हा भारतात आले, विनोबाजींबरोबर भूदान यात्रेत चालले व त्यावर पुस्तक लिहिले.

१९६३ च्या प्रायश्चित्तकाळात ते रोमला आले. दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती व तिच्या दोन सत्रांमधील तो काळ होता. काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबाच्या प्रश्नावरून अण्वस्त्रयुद्ध होता होता टळले होते. ख्रिस्तसभेने शांतीविषयी स्पष्ट शब्द उच्चारावा, अशी प्रार्थना करीत शांतिदासांनी ४० दिवस उपोषण केले. ११ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र गुरुवारी, पोप जॉन तेविसावे यांचे ‘पाचेम इन तेरिस’ म्हणजे ‘पृथ्वीवर शांती’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले. केवळ कॅथलिकांना नव्हे तर सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून लिहिलेले ते परिपत्र होते. ते या उपोषणामुळे लिहिले गेले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पोपमहोदयांचे काम आधीपासून चालू होते. पण वर्ध्यात नाव मिळालेला एक मनुष्य त्या दिवसांत रोममध्ये उपाशीपोटी याच शब्दाची वाट पाहत होता, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत कोठे आढळत नाही याचे नवल वाटते.

ऑक्टोबर १९६५ मध्ये परिषदेच्या अखेरच्या सत्राच्या वेळी स्त्रियांच्या एका गटाने रोममध्ये १० दिवसांचा उपवास केला. शांतिदासांच्या पत्नी शांतेरेल त्यात अग्रभागी होत्या व अमेरिकेच्या डोरोथी डे याही सहभागी झाल्या होत्या. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने स्वीकारलेल्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात सबंध शहरांचा अविवेकाने नाश करणाऱ्या युद्धकृतीचा निःसंदिग्ध धिक्कार आहे.

संत पेत्राचे महामंदिर

वरील हकिकत मनात ठेवून संत पेत्राच्या महामंदिरात जावे. आजची वास्तू १५०६ ते १६२६ अशी १२० वर्षे बांधली जात होती. आतील लांबी सुमारे १८६ मीटर व घुमटाची उंची सुमारे १३६ मीटर आहे. मुख्य वेदीखाली संत पेत्राची कबर आहे. १९४० च्या दशकात तेथे उत्खनन झाले. या जुन्या दफनभूमीचे दर्शन मर्यादित लोकांनाच मिळते व त्यासाठी फार आधी अर्ज करावा लागतो.

आत शिरताच उजवीकडच्या पहिल्या उपमंदिरात मायकेलअँजेलो यांचे ‘पिएता’ हे शिल्प आहे. मृत पुत्राला मांडीवर घेतलेली पवित्र मरिया. ते घडविले तेव्हा शिल्पकाराचे वय पंचविशीच्या आसपास होते. १९७२ साली एका माथेफिरूने हातोड्याने त्यावर घाव घातले. दुरुस्तीनंतर ते काचेआड आहे. त्यानंतर याच उजव्या बाजूने पुढे जाऊन संत जेरोम यांची वेदी शोधावी. तिच्याखाली संत जॉन तेविसावे यांचा देह दर्शनासाठी ठेवलेला आहे. ‘पृथ्वीवर शांती’ हे परिपत्र लिहिणारे हे पोप ते प्रसिद्ध झाल्यावर सुमारे साडेसात आठवड्यांनी, ३ जून १९६३ रोजी निवर्तले. मधला जो प्रशस्त सभामंडप दिसतो, तेथेच परिषदेचे हजारो धर्माध्यक्ष समोरासमोर बसत असत. नागपूरचे व नंतर भोपाळचे आर्चबिशप झालेले युजीन डिसूझा हे त्या परिषदेत बोलणाऱ्या भारतीय धर्माध्यक्षांपैकी एक होते.

महामंदिराबाहेरील चौक बेर्निनी यांनी १६५६ ते १६६७ मध्ये रचला. दोन्ही बाजूंस २८४ खांब आहेत. मधला दगडी स्तंभ इजिप्तमधून आणलेला असून तो आजच्या जागी १५८६ साली उभारला गेला. पोपमहोदय रोममध्ये असताना सामान्यतः बुधवारी सकाळी सार्वजनिक भेट देतात व रविवारी दुपारी १२ वाजता खिडकीतून ‘देवदूताचा संदेश’ प्रार्थना करतात. बुधवारच्या भेटीची प्रवेशपत्रे विनामूल्य असतात. कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

अन्य स्थळे

रोमची चार प्रमुख महामंदिरे आहेत. संत पेत्राखेरीज लॅटरनचे संत योहान, थोरली पवित्र मरिया आणि नगरकोटाबाहेरील संत पौल. रोमचे कॅथेड्रल संत पेत्राचे नव्हे, तर लॅटरनचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्यासमोर ‘स्काला सांता’ हा २८ पायऱ्यांचा पवित्र जिना आहे व भाविक तो गुडघ्यांवर चढतात. थोरल्या पवित्र मरियेच्या महामंदिरात बेथलेहेमच्या गव्हाणीचे म्हणून मानलेले लाकूड जतन केले आहे. तेथेच पोप फ्रान्सिस यांची अगदी साधी कबर आहे व तिच्यावर लॅटिनमध्ये केवळ त्यांचे नाव कोरले आहे. संत पौलाचे महामंदिर १८२३ साली आगीत जळाले व पुन्हा बांधले गेले. आत सर्व पोपांची गोल चित्रे ओळीने लावलेली आहेत. दुसरी व्हॅटिकन परिषद बोलाविण्याचा मनोदय जॉन तेविसाव्यांनी २५ जानेवारी १९५९ रोजी याच मंदिराच्या मठात जाहीर केला होता.

भारतीय यात्रेकरूने ‘जेझू’ हे येशूसंघाचे मंदिर चुकवू नये. संत इग्नेशियस यांची कबर तेथे आहे आणि समोरच्या वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात ठेवलेला आहे. बाकी देह गोव्यात व हा हात रोममध्ये; ज्या हाताने भारतात असंख्य जणांना बाप्तिस्मा दिला तो येथे मागवून घेण्यात आला. आपल्याच प्रदेशातील आणखी एक नाव येथे आठवते. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना स्वदेशात पौरोहित्याची वाट मिळेना, म्हणून ते रोमला आले, येथे धर्मगुरू झाले व १६३७ साली येथेच त्यांना धर्माध्यक्षपदाची दीक्षा मिळाली. विजापूरच्या आदिलशाही मुलुखाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. १६७७ मध्ये रोममध्येच त्यांचा अंत झाला.

कोलोसियम इसवी सन ८० मध्ये खुले झाले. शुभ शुक्रवारी रात्री तेथे क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. पँथिऑन हे मूळचे रोमन दैवतांचे देऊळ इसवी सन ६०९ पासून ख्रिस्तमंदिर आहे. घुमटाला मधोमध उघडे छिद्र असून पाऊस सरळ आत पडतो. जुलै २०२३ पासून तेथे पर्यटकांना तिकीट आहे. संत कालिस्तस यांची भूमिगत दफनस्थाने आप्पिया या प्राचीन रस्त्यावर आहेत. तेथे अर्धा दिवस लागतो, पण आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लोक कसे पुरले जात व भिंतींवर कोणती चिन्हे काढीत हे पाहताना वेळ सत्कारणी लागतो. त्रेव्ही कारंज्यात पर्यटक जी नाणी टाकतात ती गोळा करून कारितास या आपल्या सेवासंस्थेला दिली जातात. तेव्हा एखादे नाणे टाकावयास हरकत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी

युरोपदर्शनाच्या काही सहलींत रोमला अवघा अर्धा दिवस दिलेला असतो. त्यात चौक, कोलोसियमचे बाहेरून दर्शन व जेवण एवढेच होते. आयुष्याची पुंजी खर्चून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची अशा सहलीत निराशा होते. पैसे भरण्यापूर्वी रोममध्ये किती रात्री आहेत व मिस्साची सोय कोठे आहे, हे लेखी विचारून घ्यावे. तीन पूर्ण दिवस तरी हवेत. पहिला दिवस संत पेत्र, दुसरा संग्रहालय व चॅपेल, तिसरा उरलेली तीन महामंदिरे व जेझू. कोलोसियमसाठी जास्तीचा दिवस असल्यास उत्तम.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढे जावे. व्हॅटिकनचे संग्रहालय रविवारी बंद असते. महिन्याच्या अखेरच्या रविवारी मात्र सकाळी सामान्यतः विनामूल्य प्रवेश असतो व त्यामुळे त्या दिवशी गर्दी असह्य होते. अन्य दिवशीचे तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढावे. संत पेत्राच्या महामंदिरात प्रवेशास पैसे पडत नाहीत, परंतु तपासणीची रांग असते. घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. काही अंतर लिफ्टने जाता येते. खांदे व गुडघे झाकलेले असावेत असा नियम आहे. साडी किंवा सलवार-कुर्ता यांना अडचण येत नाही. (पंचा नेसलेल्या गांधीजींना १९३१ साली आत घेतले, आता हाफ पँट घातलेल्यांना परत पाठवितात.)

जुलै-ऑगस्टचे ऊन वर्धेकरांस नवे नाही, पण दगडी चौकात तासन् तास उभे राहणे कष्टाचे होते. रस्त्यांवरील नळांचे पाणी पिण्यायोग्य असते; बाटली सोबत ठेवावी. रेल्वे स्थानकाकडून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये खिसेकापूंपासून सावध राहावे आणि पासपोर्ट आतल्या खिशात ठेवावा. २०२५ चे जुबिली वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी संपले असून पवित्र दरवाजे आता बंद आहेत. पुढील नेहमीचे जुबिली वर्ष २०५० मध्ये येईल.

ज्यांच्याजवळ आणखी दोन दिवस असतील त्यांनी रोमहून आगगाडीने ब्रिंडिसीला जावे. १४ डिसेंबर १९३१ रोजी गांधीजी याच बंदरातून ‘पिल्स्ना’ बोटीने निघाले व २८ डिसेंबरला मुंबईस उतरले. बंदरापासून शांतिदासांचे जन्मगाव जवळच आहे.